बापूंच्या प्रोग्रामात एकही चूक नाही

सोमवारी सकाळी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटर सुरू केला आणि आपले जवळजवळ सगळे पेशंट एका सुट्टीत दगावल्याचं त्यांना कळलं.

पडद्यावर दिवसभराच्या वेळा लागलेल्या होत्या. प्रत्येक नावापुढं लाल अक्षरांत ‘रद्द’ आणि खाली मालकानं कळवलेलं कारण. पहिला होता एक म्हातारा कुत्रा. त्याचे टाके काढायचे होते. कारण लिहिलं होतं, ‘देवाज्ञा झाली. आता येणं होणार नाही. वाट पाहू नये.’ बाईंना फार वाईट वाटलं, कारण टाके त्यांनीच घातले होते. खालच्या ओळीत मांजर. देवाज्ञा झाली. त्याखाली पोपट. देवाज्ञा झाली. मग दोन ससे, एक शेळी, एक घोडी, सगळ्यांना एकाच शब्दांत देवाज्ञा झालेली. बाई खुर्चीत बसल्या. शेवटच्या ओळीत कासव होतं. बाईंच्या जन्माआधीपासून चालत आलेलं आणि बाईंच्या माघारीही चालत राहील अशी सगळ्यांची खात्री असलेलं ते कासव. तेसुद्धा.

साथ आली याबद्दल बाईंना शंका उरली नाही. सशापासून कासवापर्यंत सगळ्यांना लागणारी साथ त्यांच्या पुस्तकांत कुठंच नव्हती, म्हणजे ती नवीन असणार. त्यांनी कंपाउंडरच्या तोंडाला मास्क बांधला, फरशीवर बाटलीभर फिनेल ओतलं, दाराबाहेर ‘साथीमुळे बंद’ अशी सूचना चिकटवली आणि आत बसून एकेका मालकाला सांत्वनाचा फोन करायला घेतला.

कासवाचे मालक म्हणजे एक निवृत्त मास्तर. बाईंनी हलक्या आवाजात सांगितलं, की कळलं, वाईट झालं, त्यानं तुम्हाला उत्तम सोबत केली. मास्तर फोन कानाला लावूनच अंगणात गेले. कासव हलत नव्हतं. मास्तर तिथंच मटकन बसले. ते कासव दुपारपर्यंत एरवीही हलत नसे, हे त्या क्षणी दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

पोपटाच्या घरी मात्र बाईंचं सांत्वन मध्येच तुटलं, कारण मागून पोपट त्यांना शिव्या देत होता. शिव्या ओळखीच्या होत्या. मागच्या खेपेला इंजेक्शन घेताना त्यानं त्याच दिल्या होत्या. मग बाईंनी पडद्याकडे पुन्हा नीट पाहिलं. सगळी उत्तरं एकाच नंबरावरून आलेली होती. त्यांनी तो नंबर फिरवला आणि तुमच्याकडे जनावरं आहेत तरी किती, असं जरा तापूनच विचारलं.

“एकही नाही,” पलीकडून एका वयस्क बाईंचा आवाज आला. “एक जावई आहे.”

तर या जावयाची ही गोष्ट.

त्याला सगळे बापू म्हणत. सासूबाईंनी एकदा ऑफिसात फोन करून ‘जावईबापूंना द्या’ म्हटलं होतं, त्यातले बापू ऑफिसनं कायमचे ठेवून घेतले. बापू प्रोग्राम लिहीत. दवाखान्यातल्या वेळा नोंदवायच्या आणि आदल्या दिवशी मालकाला मोबाइलवर आठवण करून द्यायची, हा प्रोग्राम त्यांचाच. बापूंची बायको वारून काही महिने झाले होते. सासूबाई तेव्हा आठ दिवसांसाठी म्हणून आल्या आणि राहिल्या. लेकीचा मोबाइल त्यांनी आपल्याजवळ ठेवला होता. त्यावर कुणाशी बोलत नसत, पण चार्ज मात्र नेमानं करत.

बापूंच्या ऑफिसात एक शिस्त होती. कुणाचाही प्रोग्राम चालवून बघण्याआधी चौघांनी टेबलाभोवती बसून तो ओळीओळीनं वाचायचा. शिंपी कात्री लावण्याआधी पुन्हा माप घेतो ना, तसं. गिऱ्हाइकाच्या अंगावर चढल्यावर उसवत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं. एकानं प्रत्येक ओळ आपल्या शब्दांत सांगायची, बाकीच्यांनी खोट काढायची, ती कागदावर उतरवायची. दुरुस्ती तिथं करायची नाही, नुसती चूक दाखवायची. आणि ज्यानं प्रोग्राम लिहिलाय त्यानं तोंड उघडायचं नाही. साहेब या शेवटच्या नियमाला फार जपत. त्यांचं म्हणणं, लिहिणाऱ्याला बोलू दिलं की तो समजावून सांगतो, आणि समजावून सांगितली की चूकसुद्धा बरोबर वाटायला लागते.

वाचून दाखवायचं काम दाढीवाल्याकडे असे. खोट काढायचं काम सगळ्यांचं, पण खरं म्हणजे ते करवतीचं. करवत म्हणजे बापूंच्याच वयाच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवणाऱ्या एक बाई. आपल्याला हे नाव पडलंय हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांची त्याला हरकत नव्हती. बापूंच्या कागदांवर त्या लाल पेनानं इतकं लिहीत, की एकदा शिपायानं काळजीनं विचारलं होतं, कुणाचं बोट कापलं का म्हणून.

घरी बायको आणि ऑफिसात करवत, अशी बापूंची दोन्हीकडून तपासणी चाले. टॉवेल कुठं टाकलात, दार किती जोरात लावलंत, हा आकडा इथं कुणी लिहिला. बायको गेली आणि दोन्हीकडची एकदम बंद पडली. बापू जिन्यात दिसले की माणसं भिंतीला चिकटून वाट देत. दाढीवाला त्यांच्यासाठी खुर्ची ओढे. आणि करवत त्यांचे कागद चाळून म्हणत, “छान आहे.” करवतीच्या तोंडून ‘छान’ ऐकल्यावर बापूंना पहिल्यांदा असं वाटलं, की आपल्याला काहीतरी असाध्य आजार झालाय आणि तो आपल्याशिवाय सगळ्यांना माहीत आहे.

आता त्या नंबराचं. मेसेज नीट जातोय का हे बघायला बापू वर्षानुवर्षं बायकोचा नंबर वापरत. प्रोग्राम कुठलाही असो, ‘चाचणी’ असा मेसेज तिच्या मोबाइलवर जायचा आणि तिचं लगोलग उत्तर यायचं, ‘पोहोचला. तुम्ही कधी पोहोचताय?’ सगळ्या ऑफिसला तो नंबर पाठ झाला होता. काम संपलं की तो काढून तिथं खऱ्या गिऱ्हाइकांचे नंबर जोडायचे, ही शेवटची पायरी. या वेळी ती राहिली. बापूंची नजर त्या ओळीवरून रोज जायची, पण अडखळायची नाही. तो नंबर तिथं असणारच, असं त्यांच्या डोळ्यांना वाटायचं.

शुक्रवारी दवाखान्याच्या प्रोग्रामची तपासणी झाली. दाढीवाला त्या ओळीपाशी आला, थांबला, पाणी प्यायला, आणि ‘इथून मेसेज जातो’ एवढंच म्हणून त्यानं पान उलटलं. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. करवतीनं पेनाला टोपण लावलं. प्रत्येकाच्या मनात एकच होतं, की आज नको, नंतर कुणीतरी हळूच काढून टाकेल. ते कुणीतरी कोण, हे मात्र कुणी ठरवलं नाही. त्यानंतरची पानंही मग तशीच उलटली गेली. एकदा सांभाळून घ्यायचं ठरल्यावर अर्धवट कशाला? बैठक नेहमीच्या निम्म्या वेळात आटोपली, आणि चुकांच्या जागी करवतीनं भोपळा लिहिलेला बापूंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

घरी आल्या आल्या, बूटही न काढता, त्यांनी सासूबाईंना ही बातमी दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या कामात एकही चूक निघाली नाही, आता हा प्रोग्राम म्हणजे दगडावरची रेघ, असं बरंच काही.

“तुमच्या कामात?” सासूबाई म्हणाल्या. “नीट पाहिलं का पण त्यांनी?”

शनिवारी प्रोग्राम सुरू झाला. रविवारी सकाळपासून सासूबाई लेकीचा मोबाइल घेऊन खिडकीशी बसल्या. मोबाइल किणकिणे, सासूबाई एका बोटानं काहीतरी लिहीत, की पुन्हा किणकिण. बापूंना बरं वाटलं. इतके महिने गप्प असलेल्या म्हातारीला कुणीतरी बोलायला मिळालं, नात्यातलंच असेल. त्यांनी चौकशी केली नाही. उलट अक्षरं मोठी करून दिली, चार्जरची वायर खिडकीपर्यंत ओढून दिली आणि संध्याकाळी बोटाला चोळायला मलम आणून दिलं. आपल्याच प्रोग्रामाचं वाटोळं करायला लागणारी सगळी सामग्री बापूंनी अशी हौसेनं पुरवली.

सासूबाईंचं काय झालं होतं, तर पहिला मेसेज आला, ‘उद्या मोत्याला उपाशीपोटी घेऊन या. येणार नसाल तर “नाही” लिहून कारण कळवा.’ त्यांना अर्थबोध होईना. मग राणीचा आला, सोन्याचा आला, कुण्या गुलछबूच्या लशीचा आला. सासूबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपली लेक कुणाला न सांगता इतक्या मुक्या जीवांचं औषधपाणी बघत होती! नवऱ्याजवळही बोलली नसणार, स्वभावच तसा तिचा. त्यांचा ऊर भरून आला. आणि लगेच काळजी लागली, की उद्या तिथं कुणीतरी तिची वाट बघत बसेल. म्हणून त्यांनी प्रत्येक मेसेजला पुन्हा पुन्हा तेच उत्तर लिहिलं. आधी ‘नाही’, मग कारण. शब्द जुन्या वळणाचे, कारण गेल्याची बातमी कळवायची तर ती रीतसर कळवावी. प्रोग्रामानं एकेक उत्तर इमानेइतबारे त्या त्या जनावराच्या नावापुढं नोंदवलं. त्या बाबतीत प्रोग्राम खरोखरच निर्दोष होता.

सोमवारी दुपारी डॉक्टरीणबाई फिनेलच्या वासासकट ऑफिसात आल्या आणि त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मालकांना मेसेज गेलेच नव्हते, त्यामुळे ते आपापल्या वेळेला जिवंत जनावरं घेऊन आले, तर दार आतून बंद. कुत्री रस्त्यात, मांजरं दिव्याच्या खांबावर, घोडी बाईंच्या स्कूटरला टेकून. शेळीनं दारावरची ‘साथीमुळे बंद’ ही सूचना खाऊन टाकली, त्यामुळे मागून आलेल्यांना दवाखाना बंद का हेही कळेना. शेवटी मास्तर कासवाला टॉवेलात गुंडाळून रडत रडत आले. गर्दीनं वाट दिली. तेवढ्यात कासवानं टॉवेलातून मान बाहेर काढली आणि मास्तर घेरी येऊन पडले. त्या दिवशी दवाखान्यात एकच पेशंट तपासला गेला, तो म्हणजे मास्तर.

शनिवारपर्यंत प्रोग्राम ठीक करा, नाहीतर मी माझा फळा आणि खडू परत काढते, असं सांगून बाई खाली बसल्या आणि पाणी मागितलं.

बापूंनी आपले कागद उघडले. ती ओळ त्यांना आता दिसली. मग त्यांना दाढीवाल्याचं पाणी पिणं आठवलं, साहेबांची खिडकी आठवली, आणि सगळं कळलं.

साहेबांनी त्यांना आत बोलावून दार लोटून घेतलं. तुमची काही चूक नाही, साहेब म्हणाले, आम्हीच लक्ष द्यायला हवं होतं. तुम्ही आता थोडं दमानं घ्या. वरच्या मजल्यावरच्या नव्या खोलीसाठी खुर्च्या निवडायच्या आहेत, ते बघा. प्रोग्राम दाढीवाला सांभाळेल.

खुर्च्या! याआधी ऑफिसात एकाला अशाच खुर्च्या निवडायला दिल्या होत्या. खुर्च्यांनंतर त्याला पडदे दिले, पडद्यांनंतर कुंड्या, आणि कुंड्यांनंतर तो कुणाला दिसलाच नाही. बापूंना घरी जाऊन बसायचं नव्हतं. घरात बसण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे काम आणि त्या टेबलाभोवतीची माणसं एवढंच काय ते शिल्लक होतं.

“साहेब,” ते म्हणाले, “पुन्हा तपासणी घ्या. माझीच, पहिल्या ओळीपासून. या वेळी कुणी मला सांभाळून घेतलं, तर मी आपण होऊन खुर्च्या बघायला जातो.”

साहेबांनी मान डोलावली, पण बापूंकडे बघितलं नाही.

त्या संध्याकाळी सासूबाईंना खरं सांगणं भाग होतं. बापूंनी सांगितलं, की ती जनावरं तिची नव्हती. तिचा नंबर माझ्याकडून चुकून राहिला होता. तिच्याकडे फक्त माझे चाचणीचे मेसेज यायचे आणि ती त्यांना उत्तरं द्यायची.

सासूबाईंनी मोबाइल पदरानं पुसला. “म्हणजे ती एकट्या तुमचंच बघत होती,” त्या म्हणाल्या. आणि तो चार्जरला लावत म्हणाल्या, “तेही काही थोडं काम नव्हे.”

दुसऱ्या दिवशीच्या तपासणीला डॉक्टरीणबाई हट्टानं येऊन बसल्या. दुखेल म्हणून गाठ दाबून न बघणारा डॉक्टर काय कामाचा, असं त्यांनी सुरुवातीलाच सगळ्यांना ऐकवलं. दाढीवाला वाचू लागला. पहिलं पान गेलं. दुसरं गेलं. कुणी खोट काढेना. दाढीवाला त्या ओळीपाशी आला. “इथून मेसेज जातो,” तो म्हणाला आणि त्याचा हात पाण्याच्या ग्लासाकडे गेला.

करवतीनं ग्लास उचलून पलीकडे ठेवला.

“कुणाला जातो?” त्यांनी विचारलं. “मी सांगते. हा वहिनींचा नंबर आहे. वहिनी आता नाहीत. हा इथं राहू शकत नाही.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “पहिली चूक. मोठी.”

इतके महिने लोक बापूंसमोर ‘जे झालं ते’ म्हणत, ‘तो प्रसंग’ म्हणत. वहिनी आता नाहीत, असं सरळ त्यांच्या तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. ऐकायला कठीण होतं. पण ऐकल्यावर, घट्ट बसलेला बूट एकदाचा काढावा, तसं बापूंना झालं.

मग मात्र करवत जी सुरू झाली! महिनोन्महिने म्यान केलेली ती. घोडीच्या वजनाला दोनच आकड्यांची जागा, त्यामुळे घोडी शेळीएवढी झाली आणि औषधही तिला शेळीचंच मिळणार. एका घरात एकाच नावाचे दोन ससे असले, की एकाला लस दोनदा आणि दुसरा कोरडा. पोपटाचे दात किती हे भरल्याशिवाय पोपटाला पुढं जाता येत नव्हतं. कासवाचं जन्मवर्ष इतकं जुनं, की प्रोग्रामानं ते अजून जन्मायचंय असं धरलं होतं. करवतीचं बघून दाढीवाल्याला जोर चढला, त्यानं स्वतःच्याच दोन चुका सांगितल्या. साहेबांनीही एक काढली. ती चूक नव्हती, पण हौस म्हणून लिहून घेतली. यातलं बरंचसं शुक्रवारीच सगळ्यांना दिसलं होतं, आणि ते पोटात ठेवून त्यांचीही झोप नीट झालेली नव्हती.

“बापू, हे तुम्ही डोळे मिटून लिहिलंत की काय?” करवत कडाडल्या.

बापूंना बोलायची परवानगी नव्हती, हे बरंच झालं. असती, तर त्यांनी एकेकाचे आभार मानले असते आणि करवतीनं ते अवांतर म्हणून थांबवलं असतं. ते नुसती मान हलवत राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पर्समधून कापसाचा बोळा काढून दिला. तो कुत्र्याच्या कानासाठीचा होता. पण कामाला आला.

शेवटचं पान संपलं. कागद लाल झाला होता. साहेब उठणार, तेवढ्यात बाईंनी विचारलं, “आणि खरंच एखादं जनावर गेलं, तर हा प्रोग्राम काय करतो?”

दाढीवाल्यानं पानं मागे उलटली. पुढं उलटली. मालकानं जनावर विकलं तर काय, मालक दुसरीकडे राहायला गेला तर काय, जनावर हरवलं तर काय, ते सगळं बापूंनी लिहिलेलं होतं. गेलं तर काय, हे कुठंच नव्हतं. एकदा नोंदलेलं जनावर या प्रोग्रामात मरतच नव्हतं. दरवर्षी त्याच्या लशीचा मेसेज मालकाला जात राहणार होता.

मग साहेब घसा साफ करून म्हणाले, की एवढा भाग आपण दुसऱ्या कुणाला तरी देऊ.

“का म्हणून?” करवत म्हणाल्या. “चूक त्यांची आहे. तेच करतील.” आणि कागदावर शेवटची ओळ लिहून, त्यापुढं ‘बापू’ असं लिहून त्यांनी तो कागद बापूंपुढं सरकवला. बापूंनी तो दोन्ही हातांनी घेतला. खुर्च्यांचं नाव नंतर कुणी काढलं नाही.

शनिवारी प्रोग्राम पुन्हा सुरू झाला आणि मेसेज ज्याचे त्याला गेले. लाल कागदावरची एकेक ओळ दुरुस्त होत गेली, करवतीनं पुन्हा तपासून त्यापुढं खूण केली. आता फक्त शेवटची राहिली आहे. तोवर एखादं जनावर गेलं तर बाई स्वतः मालकाला फोन करतात, आधी खात्री करून घेऊन. त्या जनावराच्या नावावरचे कोणते मेसेज थांबवायचे, ते बापूंनी लिहिलं आहे. कोणत्या नोंदी जपून ठेवायच्या, तेही लिहिलं आहे. मालकाला काय कळवायचं, ते अजून लिहायचं राहिलं आहे.